आतला तीन

"बाहेरचं विकलन शेंबड्या पोरालाही येतं. तू आतलं विसरतेस. एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल ते," असं मावशी म्हणाली होती, आणि धाकटी फिस्सकन हसली होती.

तेव्हा ती कुणाची धाकटी नव्हती. कॉलेजात होती आणि गणिताच्या पेपरात दर वेळी हकनाक मार्क घालवत होती. मावशी आयुष्यभर गणित शिकवून शिकवून तोंडाने फटकळ झालेली. ती भाचीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायची आणि भाजी चिरता चिरता विकलन घोटून घ्यायची. विकलन म्हणजे काय, तर एखादी गोष्ट त्या क्षणाला किती वेगाने बदलतेय ते काढणं. x चा वर्ग? दोन x. x चा घन? तीन x वर्ग. घात खाली उतरव, पुढे बसव, वरचा एकाने कमी कर. साइनचं? कोसाइन. कोसाइनचं? वजा साइन, आणि तो वजा गिळलास तर याद राख. नुसत्या आकड्याचं? शून्य, जो हलतच नाही तो बदलणार काय? e चा x घात? जसाच्या तसा, हवं तितक्यांदा काढ.

"आणि साइन तीन t चं?"

"कोसाइन तीन t."

सुरी फळीवर आपटली. "आणि आतला तीन काय तुझ्या सासरी पाठवायचा? बाहेरच्याचं काढलंस, आता आतल्याचं काढ आणि त्याने गुण. तीन कोसाइन तीन t. किती वेळा सांगू?"

"मावशी, विकलन चुकून आजवर कुणी मेलंय का?"

मावशीने ते जिवावर बेतण्याचं वाक्य टाकलं ते यावर. हसली मात्र नाही. धाकटीने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

पुढे लग्न होऊन ती या घरात आली. खाली कारखाना, वर राहती जागा, मधे लोखंडी जिना. वर चमचा पडला तरी खाली कळावं आणि खाली पाना आपटला की वर झोपलेलं पोर दचकावं, असं घर. कारखाना मोठ्या दिरांचा. त्यांना सगळे दादा म्हणत. तिचा नवरा त्यांच्या हाताखाली मोटरी आणि वायरिंग बघायचा. जाऊबाई वरचं सगळं बघायच्या, आणि त्या सगळ्यात धाकटीही आली.

या माणसांना ती मनातल्या मनात मावशीच्या नियमांनी ओळखायची. नवरा म्हणजे नुसता आकडा. घरात आग लागो की वरात निघो, हा पाच तर पाच, विकलन शून्य. जाऊबाई म्हणजे e चा x घात. रागवा, रडा, पाया पडा, पुन्हा आपल्या त्याच. दादा कुठल्याच नियमात बसत नव्हते, कारण नियम आपणच करतो अशी त्यांची समजूत होती.

मुलगी झाल्यापासून धाकटीचा जीव थाऱ्यावर नव्हता. छोटी झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघायचा. बाटली उकळून झाली की पुन्हा उकळायची. एकदा तर उचकी थांबेना म्हणून तिने डॉक्टरला घरी बोलावलं होतं. डॉक्टर जिना चढून येईपर्यंत उचकी थांबली आणि छोटी त्याच्याकडे बघून हसली. तेव्हापासून जाऊबाईंच्या तोंडी तिचं नाव 'उचकीवाली' पडलं. "आम्हीही पोरं वाढवली बाई, लेकीचा मुलगाही सांभाळला," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पण श्वास मोजायला बसलो नाही. पोरं आपली आपण श्वास घेतात." म्हणजे लांडगा आला रे आला करून तिने स्वतःच्या शब्दाची किंमत आधीच घालवून ठेवली होती. हे तिलाही कळत होतं.

कारखान्यात आजवर खुर्च्या आणि मांडण्या होत. यंदा दादांनी आपोआप झुलणारा पाळणा काढला. फिकट निळा रंग, खाली मोटर, कडेला तीन बटणं: सावकाश, मध्यम, जलद. उभ्या पाइपाचे, फरशीवर आडवे टेकणारे पाय मुद्दाम आखूड ठेवले होते, पलंगाला अगदी चिकटून उभा राहावा म्हणून. दादांना पाळण्याचं भारी कौतुक. त्यांनी स्वतः गणित करून तो बेतला होता आणि ते गणित अवजारांच्या पत्र्याच्या कपाटावर खडूने लिहून ठेवलं होतं, येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. त्याखाली ठळक अक्षरांत: कमाल वेग सेकंदाला फक्त वीस सेंटिमीटर.

छोटीला काखोटीला मारून धाकटी चहा द्यायला खाली उतरली, तेव्हा तिने ते पहिल्यांदा नीट वाचलं. पाळणा मधल्या जागेपासून दोन्हीकडे वीस सेंटिमीटर जाणार. पहिल्या बटणाला वीस साइन t, t म्हणजे सेकंद. दुसऱ्याला वीस साइन दोन t. तिसऱ्याला वीस साइन तीन t. इथवर चोख. मग वेग काढायला विकलन: वीस कोसाइन t, वीस कोसाइन दोन t, वीस कोसाइन तीन t.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक. ती चूक तिच्या इतकी ओळखीची होती की क्षणभर कपाटावर तिला आपलंच अक्षर दिसलं. आतला दोन नाही. आतला तीन नाही. चहाचा ट्रे हातात तसाच, आणि कानात सुरी फळीवर आपटलेली.

आधी ती नवऱ्याकडे गेली. तो मोटरीच्या तारा जोडत होता.

"अहो, कपाटावरचं गणित चुकलंय."

"दादाला सांग."

"तुम्ही सांगा ना."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मोटर कळते ना? तिसऱ्या बटणावर कशी चालते?"

तो थांबला. "हिसके देते जरा," म्हणाला, आणि पुन्हा तारांना लागला. शून्य.

मग तिने जेवायच्या वेळी विषय काढला. सगळे बसले होते, जाऊबाई वाढत होत्या.

"दादा, एक विचारू? तिन्ही बटणांचा वेग वेगळा आहे ना?"

"म्हणजे काय? नाहीतर तीन बटणं शोभेला लावलीत?"

"मग कपाटावर तिन्हींचा कमाल वेग सारखाच कसा आलाय? वीस, वीस आणि वीस?"

दादांचा घास हातात राहिला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, ते तिने पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि धाकट्या भावाच्या बायकोकडून कळून घेणं वेगळं.

"आतल्या आकड्याने गुणायचं राहिलंय," ती घाईने म्हणाली. "पहिल्या बटणाला आत एकच आहे, एकाने गुणून फरक पडत नाही, म्हणून तिथे बरोबर येतं. दुसऱ्याला चाळीस येतात. तिसऱ्याला साठ."

"साठ तर साठ. झुलू देत की पोरं."

"साठाचं नाही हो. टोकाला पाळणा क्षणभर थांबतो आणि मागे फिरतो, तिथे सगळ्यात मोठा ओढा असतो. तो काढायला वेगाचं पुन्हा विकलन करायचं. तीन पुन्हा बाहेर येतो. तीन त्रिक नऊ. तुम्ही पाय ज्या ओढ्यावर बेतलेत, त्याच्या नऊपट ओढा तिसऱ्या बटणाला लागणार. पाळणा आडवा होईल."

"झालं," जाऊबाई म्हणाल्या. "उचकीवालीला आता पाळण्याची उचकी लागली."

"चाचणी घेतलीय मी," दादा म्हणाले. "वाळूची पिशवी ठेवून चालवलाय. जागचा हलला नाही."

"कुठल्या बटणावर?"

दादा भात कालवत राहिले.

"पहिल्या," नवऱ्याच्या तोंडून गेलं. दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान ताटात घातली.

"पहिल्यावर जमतं ते तिसऱ्यावरही जमतं. लोखंड आहे ते, तुझं कॉलेज नाही. तू आपली पोर सांभाळ. कारखाना तुझ्या हातात दिला तर बाटलीसारखा रोज दोनदा उकळत बसशील."

जाऊबाई खो खो हसल्या. नवराही हसला, अगदी थोडं, भावाला दिसेल इतपतच. ते हसू तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"मग आत्ताच जाऊन तिसरं बटण दाबू या ना. दोन मिनिटांचं काम."

"काही दाबायचं नाही. परवा दुकानदार येतोय, सगळे पाळणे एकदम उचलायला. तेव्हा दाबू, त्याच्यासमोर. आणि आत वाळू नको, तुझीच लेक ठेवू. गिऱ्हाइकाला पोर दिसलं की माल आपोआप खपतो. तुझीही खात्री होईल."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," जाऊबाई भांडी गोळा करता करता म्हणाल्या. "बैल तरी होता त्याच्याकडे."

खोलीत येऊन तिने कागदी पिशवी फाडून सरळ केली आणि सगळं पुन्हा मांडलं. तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. ज्या बाईने उचकीला डॉक्टर बोलावला, तिने का ठेवावा? वीस साइन तीन t. त्याचं साठ कोसाइन तीन t. त्याचं वजा एकशे ऐंशी साइन तीन t. वजाही गिळला नाही. शेवटी तिने मावशीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुझं किती येतंय?"

"एकशे ऐंशी."

"त्यांचं?"

"वीस."

मावशी एरवी अशा जागी दोन शिव्या हासडायची, आज नाही.

"पोर त्यात घालू नकोस," ती म्हणाली. "भांडण झालं तर होऊ दे. भांडण मोडता येतं."

दुकानदार यायच्या दिवशी धाकटीने छोटीला नजरेआड होऊ दिलं नाही. अंघोळीलाही जाणार नव्हती, पण छोटीने दूध अंगावर ओकलं आणि जावंच लागलं. डोक्यावर दोन तांबे ओतून बाहेर आली तर पलंग रिकामा. उशांची भिंत तशीच, मधे खळगा. खालून मोटरीची घरघर आणि जाऊबाईंचा लाडाचा आवाज: "कोण झुललं? कोण झुललं?"

ती ओल्या केसांनी, अनवाणी, लोखंडी जिना उतरली.

छोटी निळ्या पाळण्यात होती. नवीन झबलं, केस चापूनचोपून बसवलेले. पाळणा पहिल्या बटणावर संथ झुलत होता आणि तिला ते आवडलेलं दिसत होतं. मुठी चोखत छताकडे बघत होती. दुकानदार जाडजूड माणूस, खिशाला पेन लावलेला, हात मागे बांधून पाहत होता. दादा त्याच्या बाजूला, इस्त्रीच्या शर्टात.

"वा," दुकानदार म्हणाला. "लोण्यात सुरी फिरावी तसा चालतोय. आता जलद दाखवा."

दादांचा हात बटणाकडे गेला.

धाकटीने मधे घुसून छोटीला उचललं. चालत्या पाळण्याची कड तिच्या मनगटावर आपटली. छोटीने भोकाड पसरलं.

"काय तमाशा आहे हा?" जाऊबाईंनी तिचा दंड धरला. "पोर दे इकडे."

"हात काढा, ताई."

"चार माणसांत शोभा करतेस? ठेव म्हणते ना!"

"तुमचा नातू ठेवा."

जाऊबाईंचा हात सुटला. या घरात त्यांना असं कुणी कधी बोललं नव्हतं.

"माफ करा," दादा दुकानदाराकडे वळून हसले. हसताना त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती. "धाकट्याची बायको. बाळंतपणानंतर जरा..." त्यांनी डोक्याशी बोट फिरवलं. "आणि तू काय बघतोस?" हे भावाला. "घेऊन जा तिला वर."

नवरा एक पाऊल पुढे आला. तिने त्याच्याकडे पाहिलं. "जिना चढून जाईन मी," ती म्हणाली. "आधी ती पिशवी पाळण्यात ठेवा."

भिंतीशी नटबोल्टांची गोणपाटाची पिशवी होती, छोटीपेक्षा थोडी जड असेल. तो पिशवीकडे बघत राहिला. मग भावाकडे. मग, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, पाचाचं काहीतरी दुसरं झालं. त्याने पिशवी उचलून पाळण्यात ठेवली.

"अरे, तुझं डोकं फिरलं काय?" दादा ओरडले.

"फिरू दे की हो," दुकानदार म्हणाला. त्याला आता मजा वाटायला लागली होती. "घरचं भांडण बाजूला ठेवा. मला काय, बाळ काय नि बोल्ट काय. चालतो का ते बघायचं." आणि त्याने स्वतःच पुढे होऊन तिसरं बटण दाबलं.

पहिले दोन झोके बरे गेले. तिसऱ्याला डावीकडचा पाय फरशीवरून किंचित उचलला आणि टक् करून खाली बसला. पाळणा मधून जात होता तेव्हा सगळं ठीक दिसत होतं, आणि सगळे तिथेच बघत होते. धाकटी टोकाकडे बघत होती. तिथे पाळणा क्षणभर थांबायचा, अगदी शहाण्यासारखा, आणि त्याच क्षणी पाय उचलला जायचा. टक्. मग उजवा. टक्. मग जरा जास्त.

"बंद करा," नवरा म्हणाला.

दादा बटणाकडे झेपावले, पण तोवर पाळणा उजव्या टोकाला पोहोचला होता. तो तिथून परत फिरलाच नाही. सगळं सामान सावकाश कलंडलं आणि मग एकदम आदळलं. पिशवी फुटली. नटबोल्ट फरशीभर पळाले, काही कपाटाखाली गेले, एक गरगरत येऊन धाकटीच्या अनवाणी पावलाला लागला. मोटर आडवी पडूनही फिरत होती, पाळणा हवेत फटके मारत होता. नवऱ्याने वायर उपटली तेव्हा थांबला.

छोटी तिच्या खांद्यावर रडायची थांबून बघत होती.

दुकानदाराने खिशाचं पेन चाचपलं. "मी निघतो," म्हणाला. दारापर्यंत गेल्यावर त्याने मागे वळून धाकटीकडे पाहिलं.

तुम्हाला वाटेल, आता तरी कुणी म्हणेल, बाई, तुझं बरोबर होतं. छे. घर म्हणजे कॉलेजची परीक्षा नव्हे, इथे बरोबर उत्तराला मार्क कापतात. दादा म्हणाले पिशवी सैल होती, बोल्ट एका अंगाला सरकले. जाऊबाई म्हणाल्या, हिने नजर लावली, दोन दिवस त्याच पाळण्याकडे टक लावून बसली होती. नवऱ्याशी दादा बोलेनासे झाले. धाकटीचं ताट वेगळं वाढलं जाऊ लागलं, सगळ्यांचं उरकल्यावर. एकदा तिने खडूचं कपाट पाहिलं तर ते ओल्या फडक्याने पुसलेलं होतं, आणि कारखान्यात उरलेल्या प्रत्येक पाळण्याच्या पायाला लांब आडव्या पट्ट्या जोडल्या जात होत्या. तिसरं बटण काढून टाकलं होतं. त्या जागी गोल झाकण बसवलं होतं. पट्ट्या बसल्या, बस्स.

पण दुकानदार यायच्या आधीच दोन पाळणे विकले गेले होते. आखूड पायांचे, तीन बटणांचे.

"त्यांचं काय, दादा?"

"कुणाचं?"

"ते दोन. त्यांना कळवायला हवं. दारावर पाटी लावू, दुकानांतून सांगू."

"काय पाटी लावू? आमचा पाळणा पोरं मारतो? आधीच माल पडून आहे, आता उरलेलाही भंगारात घालायचाय का तुला? ते लोक आले का तक्रार घेऊन? नाही ना? मग तू का मरतेस?"

"ते आले तर उशीर झालेला असेल."

त्यांनी पाना उचलला. मारायला नव्हे, कामालाच. पण बोलणं संपल्याचं त्यातून कळलं.

मग ती छोटीला छातीशी बांधून स्वतःच शोधायला निघाली. नवरा दोनदा बरोबर आला. प्रसूतिगृहाच्या दाराशी उभी राहिली, औषधाच्या दुकानांत विचारलं, खेळण्यांच्या दुकानांत विचारलं. लोक तिला विक्रेती समजून हाकलत. एक पाळणा सापडला, चष्म्याच्या दुकानामागच्या जिन्यावर, एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे. बाईने आधी दार अर्धंच उघडलं. "आम्ही पहिलंच बटण लावतो," ती तुटकपणे म्हणाली, "फार रडला तरच तिसरं." धाकटीने तिथेच खाली बसून पहिलं, दुसरं आणि तिसरं बटण समजावलं. बाई ऐकत राहिली. मग तिने मशीनवरची कात्री घेतली आणि तिसऱ्या बटणाची तारच कापून टाकली. चहा विचारला नाही. धाकटीला नकोच होता.

दुसरा पाळणा सापडलेला नाही. एक उंच माणूस आणि त्याची दिवस भरलेली बायको टेम्पोतून घेऊन गेले, एवढंच नवऱ्याला आठवतं. बायको हसत होती आणि तिने निळाच हवा म्हणून हट्ट धरला होता. त्यांचं बाळ आता झालं असेल. लहान असेल, पहिल्या बटणावर शांत झोपत असेल आणि सगळे म्हणत असतील, काय छान पाळणा आहे. पण ते दिवसागणिक जड होणार. एखाद्या दिवशी रडायचं थांबणार नाही आणि घरातलं कुणीतरी दमून, वैतागून, प्रेमाने तिसरं बटण दाबेल.

म्हणून ती तुम्हालाच सांगते आहे. तुमच्या जिन्यावर, तुमच्या गल्लीत, तुमच्या भावाच्या किंवा मैत्रिणीच्या घरी फिकट निळा पाळणा असेल, आखूड पायांचा आणि तीन बटणांचा, तर उद्यावर ढकलू नका. लोक तुम्हाला उचकीवाली म्हणतील, म्हणू देत. दार वाजवा, आत जा आणि ते बाळ ठीक आहे ना, तेवढं बघून या.